साडभाऊंचा डबा

माझ्या साडभाऊंइतका टापटिपीचा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या टापटिपीनं जितकी माणसं जेरीस आली तितकी एखाद्या पक्क्या गबाळ्यामुळेही आली नसती. साडभाऊ म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या भागात असे दोघे एकमेकांना साडभाऊच म्हणतात, त्यामुळे आमचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी वाद घालतोय असं वाटायचं. टपाल खात्यात पत्रं गावागावांच्या खणांत लावण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि घरी आल्यावरही हात थांबेनात म्हणून घरही खणांत लावलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर, खुंट्यांना नंबर, चपला काढायच्या फरशीला नंबर. पाहुण्यानं चपला भलत्या फरशीवर काढल्या तर हे तोंडानं काही बोलत नसत. पाहुणा आत बसला की हळूच उठून त्या योग्य जागी नेऊन ठेवत, आणि निघताना पाहुणा बिचारा दारात आपल्या चपला शोधत राही. हळद तिखटाच्या जागी दिसली की भरल्या ताटावरून उठून आधी ती लावायची आणि मग घास घ्यायचा, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून चाललेलं. "या घरात मी एकटीच बिननंबरी आहो," असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, म्हणायच्या. हे त्या तक्रारीनं म्हणत की समाधानानं, ते मला आजवर कळलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती नव्याण्णव साली तो डबा पडला. डबा हे आम्ही ठेवलेलं नाव. नागपूरच्या कुणा ऑर्केस्ट्रावाल्यानं जुना झाला म्हणून काढून टाकलेली ती ताल वाजवणारी मशीन होती. जेवणाच्या ताटाएवढी, राखाडी, खाली रबराची बटणं आणि वर बोटभर हिरवी स्क्रीन. एक बटण दाबलं की ढोलक वाजे, दुसरं दाबलं की डफ, तिसरं दाबलं की घुंगरू. बटणं दाबून एखादा ठेका वाजवला की मशीन तो आत ठेवून घेई. त्याला पॅटर्न म्हणायचं. असे पॅटर्न हव्या त्या क्रमानं एकामागे एक जोडले की त्याचं गाणं होई, आणि मग एकच बटण दाबून हात बांधून बसलं तरी अख्खं गाणं वाजत राही. पॅटर्नला नंबर, गाण्याला नंबर, ज्याची त्याची जागा ठरलेली. साडभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या स्वभावाचं कुणीतरी भेटलं. त्या डब्यासाठी ताईंनी शिवलेली मखमली खोळ त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या कोटापेक्षा चांगली होती, आणि डब्यावर कुणी चहाचा कप टेकवला तर साडभाऊ त्या माणसाशी हंगामभर बोलत नसत.

आमची तेव्हा गाण्याची पार्टी होती. जयंतीचा महिना आणि त्याला लागून लग्नसराई, एवढा आमचा हंगाम. एक ढोलकवाला, एक कीबोर्डवाला, डब्यामागे साडभाऊ आणि गायला मी. दिवसभर राइस मिलमध्ये वजनकाट्यावर उभं राहायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या टेम्पोत बसून गाव गाठायचं. मिलमधल्या कोंड्याच्या धुळीनं माझी छाती तेव्हापासूनच भरत चालली होती. पहिलं कडवं मोकळं जाई, दुसरं बेतानं, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत छातीवर कुणी धानाचं पोतं टाकल्यासारखं होई. हे मी कुणाला बोललो नाही. काट्यावर माझ्या जागी कुणालाही उभं करता आलं असतं. गाणारा मात्र मी एकटा होतो, आणि ते गेलं तर आपल्याजवळ काय उरणार, ही भीती मला धुळीपेक्षा जास्त खात होती. खोकला आला तरी मी माइकपासून तोंड फिरवून शिंकल्यासारखं करायचो. आता इतका थकलो आहे की हे सांगायला संकोचही उरलेला नाही.

साडभाऊंचे पॅटर्न जगातल्या कुठल्याच पार्टीसारखे नव्हते. कंपनीनं भरून दिलेल्या ठेक्यांना ते हात लावत नसत, म्हणत, "थे बाजारचे आहेत जी." ते आपले ठेके गावोगाव हिंडून गोळा करत. बोदलकशाच्या तलावावर कपडे धुणाऱ्या बायांचे दगडावर पडणारे हात, गोंदियात बीडी वळणाऱ्या बाया कट्टे बांधून पाटावर आपटत तो आवाज, त्यांच्या स्वतःच्या मावशीचं सुपात धान पाखडणं, आमच्या मिलमधल्या पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना होणारा खडखडाट, असलं सगळं त्यांनी बोटांवर बसवून डब्यात ठेवलं होतं. नवेगाव बांधच्या तलावात एक म्हातारा ढीवर मासे जाळ्याकडे पळवायला डोंग्याच्या कडेवर बांबू मारायचा, तो ठेका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मशीनमध्ये एक सोय होती, ठोका थोडा मागेपुढे पडला तर ती आपणहून तो सरळ करून घेई. साडभाऊंनी ती पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. मी विचारलं, "काऊन बंद केली?" तर म्हणाले, "नवेगावचा बुढा थोडा उशिराच मारते जी. सरळ केला तर त्याच्यात थो बुढा रायते काय?"

पॅटर्नला नाव द्यायला स्क्रीनवर चार-सहा इंग्रजी अक्षरांचीच जागा होती, म्हणून ते गावाचं नाही तर माणसाचं नाव देत. यातून जे व्हायचं ते झालंच. आमगावकडच्या एका लग्नात गाणं रंगात आलेलं असताना त्यांनी घटकाभर डब्यावर बसवलेल्या कीबोर्डवाल्याला मोठ्यानं ओरडून सांगितलं, "मावशीले काढा आता, लई झालं तिचं! बीडी लावा!" पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाची मावशी बसली होती. ती उठून उभी राहिली, "आमी काय केलं जी तुमचं?" म्हणाली, आणि तिच्यापाठोपाठ सगळी रांग उठली. साडभाऊ माइकवर येऊन तिला सुपाचा ठेका समजावून सांगू लागले. पुढची दोन गाणी मी त्या बाईच्या रागीट चेहऱ्याकडे बघत गायली. घरी परतताना टेम्पोत आमचा ढोलकवाला (माझं ऐकून तोही त्यांना साडभाऊच म्हणे) म्हणाला, "साडभाऊ, नंबरच सांगत जा ना." साडभाऊ दुखावले. म्हणाले, "नंबर जागेले असते. मानसाले नावच असते."

गाणी जोडण्याची त्यांची तऱ्हाही तशीच. गोंदिया जंक्शनच्या यार्डात मालगाडीचे डबे पुढे-मागे करत बसतात तसे हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत पॅटर्न पुढे-मागे करत बसायचे. बोदलकसा आधी घ्यावा की मिल आधी, यावर ते जेवताना, दाढी करताना, मयतीला गेल्यावरसुद्धा विचार करत. एवढी मेहनत, पण त्या डब्यात एक खोड होती. संथ गाण्यांत, तिसऱ्या कडव्याच्या आधी, तो एक आवर्तन चक्क गप्प व्हायचा. ठेका बंद, घुंगरू बंद, सगळं बंद. मग 'धुम्' असा एक ठोका पडायचा आणि गाडी पुन्हा सुरू. सुरुवातीला मी दचकायचो, पुढे सवय झाली. गावोगावचे लोक मात्र हसायचे. "मशीन अटकली जी तुमची," असं कुणीतरी प्रत्येक कार्यक्रमात म्हणायचंच. दुसऱ्या पार्टीवाल्यांनी तर आम्हाला 'अटकेल डबा' असं नावच पाडलं. ढोलकवाला वैतागून म्हणायचा, "तुमचा डबा मधातच दम खाते, साडभाऊ. दुरुस्त काऊन नाही करून घेत?" एरवी डब्याबद्दल अर्धा शब्द ऐकून न घेणारा हा माणूस त्यावर नुसता खोळीची नाडी बांधत म्हणायचा, "खाऊ द्या. जुनी आहे बिचारी."

डब्याची जागा अर्थातच भरली. बाजारात दर लग्नसराईला नवी गाणी येत, लोक फर्माइश करत, आणि नवं काही घालायचं तर जुनं काही पुसणं भाग होतं. साडभाऊंच्या लेखी पुसणं म्हणजे घरातलं माणूस बाहेर काढणं. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना घेरलं, तेव्हा ते नाइलाजानं म्हणाले, "ठीक आहे, नवेगावचा पुसतो. पन आधी बुढ्याले विचारतो." आणि हा गृहस्थ खरोखरच एसटीनं नवेगावला गेला. सोबत मीही होतो, कारण असल्या कामांना त्यांच्यासोबत नेहमी मीच असायचो. म्हातारा तलावाच्या पाळीवर जाळं वाळत घालत होता. साडभाऊंनी हात जोडून सगळी हकिकत सांगितली. डब्यात तुमचा ठोका आहे, जागा कमी पडून राहिली, तुमची परवानगी असेल तर काढतो म्हणाले. म्हाताऱ्याला यातलं काय कळलं कोण जाणे. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, "पुसा ना जी. मी काय करून राहिलो त्याचं?" या उदारपणानं साडभाऊंचे डोळे भरून आले. असल्या माणसाचा ठोका पुसायचा कसा, असं परतीच्या वाटेवर ते मलाच विचारत होते. एसटीत माझ्या मांडीवर म्हाताऱ्यानं दिलेले दोन मासे पानात गुंडाळलेले, खिडकीतून रस्त्याची धूळ येतेय, मी खोकतोय, आणि डब्यात नव्या गाण्याला तसूभरही जागा झालेली नाही. त्या हंगामात नव्या गाण्यांची दोन लग्नं आमच्या हातची गेली.

पुढे दहा-अकरा वर्षांनी डब्याच्या स्क्रीनवर एक सूचना लुकलुकू लागली. आत बटणाएवढा एक सेल असतो, त्याच्या जिवावर ही मशीन सगळं लक्षात ठेवते, आणि तो सेल मरायला टेकला होता. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "अंकल, सेल तो बदल दूँगा, लेकिन निकालते ही अंदर का सब उड़ जाएगा।" साडभाऊंनी विचारलं, "सब याने?" तो म्हणाला, "सब याने सब।" दुसऱ्या तसल्याच मशीनमध्ये वायरनं उतरवून घेता येतं म्हणे, पण तसली मशीन गोंदियात नव्हती आणि नागपुरात तिचं नाव काढल्यावर पोरं हसली. मी सुचवलं की मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यावर ते म्हणाले, "थे तर फोटो झाला जी. फोटोतल्या मानसाले उठवून दुसऱ्या पंगतीत बसवता येते काय?" कागदावर लिहून ठेवा म्हटलं, तर कागदावर बुढ्याचा उशीर कसा लिहायचा, असं त्यांनी मलाच विचारलं. त्या आठवड्यात ते जेवले नाहीत की नीट बोलले नाहीत, आणि ताईंनी म्हणे मुद्दाम हळद तिखटाच्या जागी ठेवून पाहिली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. तेव्हा ताई घाबरल्या आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी गेलो तर हे प्रसन्न मुद्रेनं ओट्यावर बसलेले. तोडगा निघाला होता. डब्यातलं सगळं आता माणसांत ठेवायचं. प्रत्येक नातलगाला, ओळखीच्याला एकेक पॅटर्न द्यायचा, तो त्यानं तोंडपाठ करायचा, जन्मभर सांभाळायचा आणि मागितला की म्हणून दाखवायचा. मला वाटलं विरंगुळा म्हणून बोलताहेत. पण दुसऱ्याच दिवसापासून वाटप सुरू झालं. बोदलकसा ताईंना मिळाला, मिलचा खडखडाट आमच्या ढोलकवाल्याला. मधूनच सुरू होणारा बीडीचा ठेका आमच्या हिला, कारण ही कुठलंही बोलणं मधूनच सुरू करते, असं कारण त्यांनी माझ्यासमोर, हसूसुद्धा न येऊ देता, दिलं. त्यांच्या मुलीला, जावई ठरत होता त्या मुलाला, शेजारच्या रिक्षावाल्याला, बसस्थानकावरच्या चहावाल्याला, कुणाकुणाला त्यांनी सोडलं नाही. एकेकाला समोर बसवून बोल म्हणायला लावायचे, उशीर हवा तिथे उशीर, घाई हवी तिथे घाई, बिनचूक येईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. लोक टाळू लागले. साडभाऊ रस्त्यानं येताना दिसले की चहावाला दुकानामागे जायचा.

माझी पाळी शेवटी आली. एवढी वर्षं सोबत गायलो, तेव्हा मला निदान नवेगावचा बुढा मिळेल अशी माझी समजूत होती. साडभाऊ म्हणाले, "तुमचा नंबर बत्तीस." मी म्हटलं, "म्हना." ते गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "झाला." मी विचारलं, "झाला म्हंजे?" ते म्हणाले, "बत्तीस रिकामा आहे. त्याच्यात काही नाही. एक आवर्तन गप बसाचं, एवढंच." खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. चहावाल्याला ठेका आणि मला रिकामी जागा! माझा दम गेला आहे हे यांना कळलंय आणि हे मला सुचवताहेत, असं वाटून मी तीन दिवस त्यांच्या घराकडे फिरकलो नाही.

सेल बदलला, डबा कोरा झाला, आणि तपासणी सुरू झाली. रविवारी संध्याकाळी साडभाऊ एकेकाला फोन करत. नमस्कार-चमत्कार काही नाही, फोन उचलला की "म्हना." आमची ही तांदूळ निवडता निवडता फोन खांद्याला लावून बीडी म्हणायची, वर "झालं का समाधान?" म्हणून विचारायची. मग फोन माझ्याकडे. "साडभाऊ, म्हना." मी एक आवर्तन फोन कानाला लावून गप्प बसायचो. पलीकडेही सगळं शांत. मग आवाज यायचा, "बरोबर आहे." पहिल्या वेळी माझा तसला चेहरा पाहून हिनं विचारलं, "कोन गेलं?" एकदा तर साडभाऊ म्हणाले, "आजचा साफ नाही. घरघर येऊन राहिली. परत म्हना." मी फोनच ठेवून दिला. थट्टेलाही काही सीमा असते, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "थे थट्टा करत नाहीत कोनाची. त्याइले जमतच नाही."

मग त्यांच्या मुलीचं लग्न आलं. भर उन्हाळ्यात, दुपारचं, तिरोड्याजवळ ताईंच्या माहेरगावी. मुलीच्या पाठवणीसाठी मी रचलेलं एक संथ गाणं होतं. तेवढं एकच साडभाऊंनी सगळ्यांकडून त्यांचे त्यांचे पॅटर्न परत घेऊन डब्यात पुन्हा जोडलं होतं. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाडाची गाडी तोंड फिरवून उभी राहिली, आणि लोडशेडिंग झालं. जनरेटरवाल्यानं दोरी ओढ ओढ ओढली, पण जनरेटर काही बोलेना. मुलगी डोक्यावर पदर घेऊन उभी. ती आईला म्हणाली, "बाबाचं गानं झाल्याबिगर मी नाही जात." मुलाकडची मंडळी घड्याळाकडे बघायला लागली. साडभाऊ मेलेल्या डब्यासमोर हात लोंबते सोडून उभे होते, आणि बापाचा तसला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

ढोलकवाल्यानं ढोलक पुढे ओढली तेव्हा साडभाऊ भानावर आले. म्हणाले, "थांब. एकट्याचं काम नाही हे." आणि ते एका खुर्चीवर चढले. "ज्याले ज्याले नंबर आहे, थे समोर या!" मांडवात हसू फुटलं. पण लोक आले. ताई आल्या, आमची ही आली, रिक्षावाला आला, चहावालासुद्धा पानाचा तोबरा थुंकून आला. साडभाऊंनी बोट दाखवलं, ताईंनी बोदलकसा सुरू केला. आधी लाजत, मग मोकळ्यानं. मी पहिलं कडवं धरलं. बोट फिरलं, चहावाल्याचा ठेका आला. बोट फिरलं, बीडी आली, आणि आमची ही अशी काही वाजली की मी चकित झालो. ना वीज, ना माइक, पण मांडवभर ताल भरून राहिला. दुसरं कडवं गेलं. उन्हानं आणि मांडवातल्या धुळीनं माझ्या छातीवर पोतं चढायला लागलं होतं. तिसरं कडवं मुलीनं मागे वळून बघण्याचं. ते आता काही आपल्याच्यानं व्हायचं नाही, सगळ्या सोयऱ्यांसमोर, पोरीच्या पाठवणीत आपला आवाज तुटणार, हे मला स्वच्छ दिसायला लागलं. तेवढ्यात साडभाऊंचं बोट माझ्याकडे आलं. बत्तीस.

सगळे थांबले. मांडव गप्प. मी श्वास घेतला, पोटापासून, पूर्ण. त्या शांततेत पाठवणीचं रडूही घटकाभर थांबलं. मग साडभाऊंनी खुर्चीवर टाच आपटली, 'धुम्', आणि तिसरं कडवं माझ्या तोंडून असं उतरलं की तसं मी माझ्या भरातल्या वर्षांतही गायलो नसेन. गात होतो आणि रडत होतो. लोकांना वाटलं, पोरगी जातेय म्हणून. दहा वर्षं, प्रत्येक संथ गाण्यात, बरोबर त्याच जागी तो डबा अटकत होता, आणि मला कधी शंका आली नाही.

गाडी गेल्यावर ते खुर्च्या मोजून रांगेत लावत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "साडभाऊ, इतके वर्स सांगतलं काऊन नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. "सांगून काय करू? तुमी थांबले असते तर लोक म्हनले असते, गायकाचा दम गेला. डबा थांबला तर म्हनतेत, डबा बिघडला. डब्याले काय लाज वाटते जी?"

डब्याला वाटत नसेल. पण कपाच्या डागावरून हंगामभर अबोला धरणारा हा माणूस दहा वर्षं गावोगाव 'अटकेल डबा' ऐकत खोळीची नाडी बांधत राहिला होता. मीही खुर्च्या लावू लागलो, आणि त्या चुकीच्या रांगेत लावल्या म्हणून त्यांनी त्या पुन्हा काढून लावल्या.

त्यानंतर त्यांनी डबा पुन्हा भरला नाही. माणसांत ठेवलेलं बरं, सेल बदलावा लागत नाही, म्हणायचे. पण माणसांचंही काही खरं नसतं. आधी नवेगावचा बुढा गेल्याचं कळलं, मग रिक्षावाला गेला, चहावाला दुकान विकून मुलाकडे रायपूरला राहायला गेला आणि ठेका विसरला. पार्टी मोडली. आता लग्नात पोरं पेनड्राइव्ह लावतात, तो कुठं अटकत नाही. मी मिल सोडली, गाणंही सुटलं. रविवारचा फोन मात्र सुटला नाही. "साडभाऊ, म्हना." मी गप्प बसायचो, ते ऐकायचे. एकदा म्हणाले, "आज घरघर जास्त आहे, उद्या दवाखान्यात जा," आणि मी निमूटपणे गेलो. डॉक्टरांनी आधी कुणाला दाखवलं होतं का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, दाखवलं नाही, ऐकवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात साडभाऊ गेले. ध्यानीमनी नसताना, झोपेत. ज्यांची छाती धडधाकट होती ते गेले आणि मी हा असा मागे राहिलो. ताईंनी मखमली खोळ धुऊन डब्यावर घातली आणि तो त्याच्या नंबरच्या फळीवर ठेवला. घरातला एकही डबा त्यांनी जागचा हलवलेला नाही. मी गेलो की चपला आठवणीनं माझ्या फरशीवर काढतो.

स्टेशनच्या पुलावर चढताना मी अर्ध्यावर थांबतो. लोक बाजूनं निघून जातात, कुणी कुणी वळून बघतं. मला आता लाज वाटत नाही. मी आपला एक आवर्तन उभा राहतो आणि मग पुढे चढतो. रविवारी संध्याकाळी मात्र असं पुढे जाणं अजून जमत नाही. हात फोनजवळ ठेवून मी गप्प बसतो, पूर्ण श्वास घेतो, सोडतो. आमची ही तांदूळ निवडताना थांबते. मग तिकडून कुणी काही बोलत नाही म्हणून तीच हळूच म्हणते, "बरोबर आहे."